बोट २

पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत,
जिथे दुकानापेक्षा पाटी मोठी असते,
तौफीक नावाच्या पोराने विचारलं,
"मॅडम, यात दोन बोटं आहेत.
बोट १, बोट २. दोन्ही तुमचीच?"

मी अंगठा टेकवला. बोट १ उजळलं.
मग दुसरा अंगठा. तर्जनी. करंगळीसुद्धा.
बोट २ ढिम्म.
तौफीक खाली वाकून स्क्रू शोधायला लागला,
जो पडलाच नव्हता.

अपेंडिक्सच्या वेळी, स्ट्रेचरवरून आत नेताना
मीच शार्दूलचं बोट धरून काचेवर टेकवलं होतं.
जरा वर. आता तिरकं. उचल. परत ठेव.
पाटीवर श्री गिरवून घ्यावा तसं.

वेगळं होताना आम्ही मिक्सर वाटला,
पुस्तकं वाटली, स्टीलचे डबे झाकणांसकट.
शिवाजीनगरच्या कोर्टात आठ तारखा.
पण बँकेचा दुसरा नंबर कुणाचा,
फोटोंच्या कपाटाची चावी कुणाकुणाकडे,
दूधवाल्या ॲपमधलं "घर" म्हणजे नक्की कुठलं,
हे कुठल्याच यादीत नव्हतं.

धनकवडीत खोली घेतली. कुलूप नवं.
तीन किल्ल्या, तिन्ही माझ्याकडे.
आणि एका मंगळवारी तळजाईवर मेसेज आला:
"पाचगावच्या बाजूला एकटी? अंधार पडतोय."

आईला दाखवला. ती म्हणाली,
बघ, अजून जीव आहे त्याचा.

मोर ओरडत होते.
नकाशावर टाचणी टोचतात,
तशी मी टेकडीवर टोचलेली.

"काढायच्या आधी स्क्रीनशॉट मारा," तौफीक म्हणाला,
"तारखेसकट. माझ्या ताईला नव्हतं सुचलं."
पुढे ताईचं काय झालं ते मी विचारलं नाही.
त्याने काचेवरची धूळ पुसली,
दोनशे रुपयांतले पन्नास परत दिले.

रात्री बसले, चहाचा कप थंड होईपर्यंत.
यंत्र विचारतं: पहिल्या शाळेचं नाव?
ते त्याला माहीत आहे.
पहिला पाळीव प्राणी? तोही.
पानशेतच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा
मी सगळंच सांगून टाकलं होतं,
मांजर कसं मेलं तेसुद्धा.

म्हणून आता मी खोटं बोलते.
शाळेचं नाव: शेवगा.
आईचं माहेरचं आडनाव: फोडणी.
(तुम्हालाही खरं खोटं सांगणार नाहीये.)

मग ते बटण आलं:
"सर्व उपकरणांतून बाहेर पडा."
इतकं सरळ वाक्य
आमच्या वकीलबाईंनाही आठ तारखांत जमलं नव्हतं.
दाबलं. काहीच वाजलं नाही.
कुठेतरी एका टॅबवर, एका जुन्या लॅपटॉपवर
मी एकदम नसल्यासारखी झाले असेन.
बोट २ मात्र सगळ्यात शेवटी काढलं.
हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू.

सकाळी सहा चाळीसला फोन थरथरला.
१५२, खाली ९०.
सहकारनगरहून, कुमुदताईंचं ब्लडप्रेशर.
ते यंत्र मीच आणलेलं, मीच जोडून दिलेलं.
पट्टा दंडावर कुठे बांधायचा, ते मीच शिकवलेलं.
पाच महिने रोज येतंय,
आणि मी रोज बघतेय,
गोळी चुकली की मला आधी कळतं,
आणि त्यांना पत्ताही नाही.

म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यात
मीही बोट २.

फोन लावला. हाक काय मारावी सुचेना.
"अहो," एवढंच म्हणाले,
"तुमचे आकडे अजून माझ्याकडे येतात.
बंद करू ना?"

पलीकडे कुकरची एक शिट्टी. दुसरी.
गॅस बारीक केल्याचा आवाज.

"आजचं किती आलंय गं?"
त्यांनी विचारलं.